अमेरिकेच्या प्रारंभकाळावरील ऐतिहासिक कादंबऱ्या : सुरुवात कोठून करावी?

कृष्णाकाठ (सातारा)

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. अमेरिकेचा इतिहास आम्ही मोजक्या तासांत संपवत असू: कोलंबस, बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि त्यानंतर एकदम लिंकन. मधल्या काळात त्या भूमीवर कोण राहत होते, काय खात होते, कशाला भीत होते, याची मला स्वतःलाही नीटशी कल्पना नव्हती. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये राहण्याचा योग आला आणि सेलम गावातील ते स्मारक पाहिले, जेथे १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपावरून मारल्या गेलेल्या वीस जणांची नावे दगडी बाकांवर कोरलेली आहेत. नाव, मृत्यूचा प्रकार आणि तारीख, एवढाच मजकूर. त्या बाकांसमोर बराच वेळ उभी असताना मनात आले की याच वर्षी आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात मोगलांच्या वेढ्यात होते. इतकी वर्षे दोन्ही गोष्टी शिकवूनही ही दोन जगे माझ्या डोक्यात कधी शेजारी आलीच नव्हती.

आमच्या वाचनगटात आम्ही सात जण आहोत. इंग्रजी वाचतो, पण फार अवघड भाषेची पाने चारचौघांना समजावून सांगावी लागतात. साधारण १६०० ते १८०० या काळात घडणाऱ्या कादंबऱ्या आपण सुचवाव्यात, ही विनंती. 'स्वामी' आणि 'पानिपत' वाचून आमची पिढी घडली आणि त्या पुस्तकांवर आमचे प्रेम आहे. तेथे कथा दरबारातून आणि रणांगणातून उलगडते. वसाहतींचा राजा मात्र समुद्रापलीकडे, हजारो मैलांवर होता. मग तेथील कादंबरीकार आपल्या कथेच्या मध्यभागी कोणाला बसवतात? माझा खरा प्रश्न हा आहे, आणि पुस्तकांची नावे त्या अनुषंगाने मिळाली तर निवड करणे सोपे जाईल.

हडसनपार (न्यू जर्सी)

बाई, नमस्कार. आमच्याकडे शिक्षिकांना बाईच म्हणत आलो, म्हणून तसेच लिहितो.

सेलम पाहून आला आहात, तर सुरुवात नथॅनियल हॉथॉर्न यांच्या 'द स्कार्लेट लेटर'पासून करणे मला उचित वाटते. ही कादंबरी १८५० ची असली, तरी कथा १६४० च्या दशकातील बॉस्टनमध्ये घडते. हेस्टर प्रिन या स्त्रीला व्यभिचाराची शिक्षा म्हणून छातीवर लाल अक्षर मिरवावे लागते आणि मुलाचा बाप कोण हे ती अखेरपर्यंत गावाला सांगत नाही. हॉथॉर्न स्वतः सेलमचे. १६९२ च्या खटल्यांत चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हे त्यांचे पूर्वज, आणि या नात्याचे ओझे लेखकाच्या मनावर होते. हे माहीत असले की कादंबरीतील गाव, धर्मगुरू आणि न्यायाधीश यांच्याकडे लेखक इतक्या कठोरपणे का पाहतो, ते उमगते. आरंभीचा 'कस्टम हाऊस' हा दीर्घ प्रास्ताविक भाग मात्र पहिल्या वाचनात वगळावा. सेलमच्या जकात कार्यालयातील तो मजकूर नंतर वाचला, तर त्याची गोडी कळते.

आपल्या प्रश्नाचे याहून थेट उत्तर मारीज काँदे यांच्या 'आय, टिट्यूबा' या कादंबरीत आहे. मूळ फ्रेंच पुस्तक १९८६ चे, इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. सेलमच्या प्रकरणात सर्वांत आधी ज्या तिघींवर आरोप झाला, त्यांत टिट्यूबा ही पाद्री सॅम्युएल पॅरिस यांच्या घरची गुलाम स्त्री होती. तिचा कबुलीजबाब न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे. तिला फाशी झाली नाही, पण ती दीर्घकाळ तुरुंगात राहिली, आणि तुरुंगाचा खर्च भरून कोणीतरी तिला नेले, यापुढे तिची नोंद सापडत नाही. ज्या स्त्रीच्या तोंडून इतके मोठे प्रकरण पेटले, ती कोठे जन्मली आणि कोठे मेली हे कोणी लिहून ठेवण्याजोगे मानले नाही. काँदे या ग्वादलूप बेटावरच्या, कॅरिबियन समुद्रातल्या. त्यांनी टिट्यूबाला बार्बाडोसमधील बालपण दिले, आई दिली, वनस्पतींचे ज्ञान दिले आणि सारी कथा तिच्याच तोंडून सांगितली. मी हे पुस्तक दोन रात्रींत संपवले आणि त्यानंतर सेलमला गेलो तेव्हा चेटकिणींची चित्रे रंगवलेले पेले आणि टोप्या विकणारी दुकाने मला पाहवली नाहीत.

शनिवारची वाचक (पुणे)

वरील दोन्ही पुस्तके उत्तम आहेत, परंतु गटातील कोणाच्या घरी दहा-बारा वर्षांची नातवंडे असतील, तर एलिझाबेथ जॉर्ज स्पिअर यांची 'द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड' (१९५८) अवश्य घ्यावी. बार्बाडोसमध्ये वाढलेली किट नावाची मुलगी १६८७ मध्ये कनेटिकटमधील वेदर्सफील्ड या प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाच्या ख्रिस्ती पंथाच्या, गावात मावशीकडे येते. तिला पोहता येते, एवढ्यावरूनही लोक तिच्याकडे संशयाने पाहू लागतात. इंग्रजी सोपे आहे. मुलांसाठी लिहिलेली असली, तरी संशय गावात कसा पसरतो याचे इतके स्वच्छ चित्रण मी मोठ्यांच्या पुस्तकांतही क्वचितच वाचले आहे.

मांडवी (गोवा)

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण गेली काही वर्षे मी याच काळात वाचनाने वावरतो आहे. कथेच्या मध्यभागी कोण बसते, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे, आणि दोन पुस्तके शेजारी ठेवली की तो बदल स्पष्ट दिसतो.

पहिले पुस्तक जेम्स फेनिमोर कूपर यांचे 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स', १८२६ चे. कथा १७५७ ची. इंग्रज आणि फ्रेंच उत्तर अमेरिकेसाठी लढत होते, तेव्हा न्यू यॉर्क प्रांतातील विल्यम हेन्री या किल्ल्याला फ्रेंच सेनापती माँकाम याने वेढा घातला. शरणागतीनंतर बाहेर पडणाऱ्या इंग्रजांवर झालेला हल्ला हा कादंबरीचा गाभा आहे. प्लासीची लढाईही १७५७ चीच, आणि दोन्हीकडे इंग्रज-फ्रेंच वैराची तीच आग होती, हे लक्षात ठेवून वाचले तर गटातील इतिहासप्रेमींना वेगळाच आनंद मिळेल. अरण्याची वर्णने भव्य आहेत. परंतु या कादंबरीने जगभर एक मोठा गैरसमज रुजवला. तिच्या नावामुळेच असंख्य वाचकांना वाटते की मोहिकन लोक संपले. ते संपले नाहीत. त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिन राज्यात स्टॉकब्रिज-मन्सी या समाजाच्या नावाने राहतात. कूपर यांनी मोहिकन आणि मोहेगन या दोन वेगळ्या समाजांची सरमिसळही केली. उंकस हे नाव मुळात सतराव्या शतकातील एका मोहेगन प्रमुखाचे आहे. मूलनिवासी माणूस येथे उदात्त आहे, शूर आहे आणि शेवटी मरण्यासाठीच निर्माण केलेला आहे. हे पुस्तक वाचूच नये असे मी म्हणत नाही, पण ते पहिले वाचू नये.

दुसरे पुस्तक जेराल्डिन ब्रुक्स यांचे 'केलेब्ज क्रॉसिंग' (२०११). केलेब चीशाटॉमक हा मार्थाज व्हिन्यर्ड या बेटावरील वाम्पनोग समाजातील तरुण. १६६५ मध्ये हार्वर्डची पदवी मिळवणारा तो पहिला मूलनिवासी, आणि पुढच्याच वर्षी तो क्षयाने गेला. १६६५ म्हणजे आपल्याकडे पुरंदरच्या तहाचे वर्ष. अमेरिकेच्या रानात एक मुलगा तेव्हा लॅटिन आणि ग्रीक शिकून परीक्षा देत होता, ही कल्पनाच विलक्षण आहे. त्याच्याविषयीचे कागद फारच थोडे आहेत. ब्रुक्स यांनी एका पाद्र्याची काल्पनिक मुलगी बेथाया निर्माण करून तिच्या नजरेने केलेबला पाहिले आहे. बेथायाला विद्येची तहान आहे, पण ती मुलगी असल्यामुळे भावाचे पाठ आडून ऐकूनच तिला शिकावे लागते. केलेबला शिक्षण मिळते ते त्याने आपला देव सोडावा या अटीवर. दोघांच्या वाट्याला आलेल्या विद्येची किंमत काय, हा या कादंबरीचा प्रश्न आहे, आणि शिक्षिका म्हणून आपल्याला तो फार जवळचा वाटेल.

आम्हा गोव्याच्या वाचकांना यात आणखी एक ओळखीची खूण सापडते. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. धर्मप्रसारासाठी परक्याची भाषा इतक्या खोलवर शिकायची की तीत ओव्या रचता याव्यात, असा तो ध्यास होता. मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन एलियट यांनी तेथील मूलनिवासींच्या भाषेत केलेले बायबल १६६३ मध्ये हार्वर्डच्या आवारातच छापले गेले, आणि उत्तर अमेरिकेच्या वसाहतींत छापलेले ते पहिले संपूर्ण बायबल होय. भाषा जपली जाते आणि त्याच हाताने श्रद्धा पुसली जाते, हा अनुभव आमच्या मातीतही आहे, म्हणून केलेबची गोष्ट मला परकी वाटली नाही.

ग्रंथालयातील एक (नागपूर)

मांडवी यांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. कूपर यांच्याविषयी त्यांचे मत मला मान्य आहे. मात्र ब्रुक्स यांच्याविषयी एक आक्षेप नोंदवतो. केलेबची कथा शेवटी पुन्हा एका गोऱ्या मुलीच्याच तोंडून आपल्यापर्यंत येते. लेखिकेने हा मार्ग प्रामाणिकपणे निवडला असेल, पण केलेब स्वतः काय विचार करत होता, ते आपण कुंपणाबाहेरूनच पाहतो.

म्हणून माझी शिफारस टोनी मॉरिसन यांच्या 'अ मर्सी' या २००८ च्या कादंबरीची आहे, आणि या साऱ्या यादीत मी तिला सर्वांत वर ठेवीन. काळ १६८० च्या दशकापासून १६९० पर्यंतचा. जेकब व्हार्क हा व्यापारी मेरिलंडमधील एका पोर्तुगीज मळेवाल्याकडे उधारी वसूल करायला जातो. मळेवाल्याकडे रोकड नसल्यामुळे तो कर्जापोटी एखादा गुलाम घेऊन जा असे सुचवतो. तेव्हा एक गुलाम आई पुढे येते आणि मला नको, माझ्या मुलीला न्या, असे विनवते. फ्लोरेन्स नावाची ती मुलगी आईने आपल्याला टाकले या एकाच जखमेवर पुढचे आयुष्य काढते. आईने तसे का केले, हे शेवटच्या काही पानांत कळते. ती पाने मी येथे सांगणार नाही. गटात ती मोठ्याने वाचावीत.

त्या एका शेतावर कोण कोण एकत्र आले आहे ते पाहा: देवीच्या साथीत ज्यांचे सारे गाव मेले, त्यांतली मूलनिवासी लीना, लग्नासाठी इंग्लंडहून जहाजाने पाठवलेली रिबेका, कराराने बांधलेले दोन गोरे नोकर, ज्यांच्या कराराची मुदत संपता संपत नाही, आणि स्वतंत्र असलेला एक आफ्रिकी लोहार. अमेरिकेत गुलामगिरी आणि त्वचेचा रंग यांची गाठ तोवर पक्की बसलेली नव्हती, ती बसत होती, आणि मॉरिसन यांनी नेमका तोच क्षण पकडला आहे. व्हर्जिनियाने १६६२ मध्येच कायदा केला होता की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. १६७६ मध्ये तेथे बेकन याच्या बंडात काळे गुलाम आणि गोरे बांधील नोकर एकत्र लढले आणि त्यानंतर दोघांना वेगळे पाडणारे कायदे अधिक कडक होत गेले. कादंबरीत हे सारे एका परिच्छेदापुरते येते, पण ते कळल्यावर आईची ती विनवणी अधिक समजते. इंग्रजी सोपे नाही, विशेषतः फ्लोरेन्सची प्रकरणे. पण पुस्तक लहान आहे, दोनशे पानांच्याही आत. संयमाने वाचावे.

हा विषय महाराष्ट्राला नवा नाही, हेही नमूद करतो. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करण्याच्या कार्यात औदार्य दाखवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. त्यांच्यावर ज्यांच्या विचारांचा प्रभाव पडला, त्या टॉमस पेन यांच्या आयुष्यावर हॉवर्ड फास्ट यांची 'सिटिझन टॉम पेन' (१९४३) ही कादंबरी आहे. स्त्रियांच्या पोशाखातील कमरपट्टे शिवण्याचे काम शिकलेला एक कारागीर अमेरिकेत येतो आणि जानेवारी १७७६ मध्ये 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका लिहून सामान्य माणसाच्या भाषेत राजसत्तेला आव्हान देतो. फास्ट यांची मांडणी काही ठिकाणी भाषणासारखी होते, तरी जोतिरावांच्या वाचकांनी पेन यांना एकदा तरी या रूपात भेटावे.

कृष्णाकाठ (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर उत्तर मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

एक शंका आहे. 'आय, टिट्यूबा'विषयी मुलीने सांगितले की त्यात टिट्यूबाला तुरुंगात 'द स्कार्लेट लेटर'मधील हेस्टर भेटते. एक खरी व्यक्ती आणि दुसऱ्याच्या कादंबरीतील काल्पनिक पात्र यांची अशी भेट घडवणे योग्य आहे का? मी वर्गात अनेकदा पाहिले आहे की मुले कादंबरीतील प्रसंग इतिहास म्हणून उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि पालकही त्यासाठी भांडायला येतात. त्यामुळे या बाबतीत मी कदाचित अधिक कडक असेन.

हडसनपार (न्यू जर्सी)

बाई, आपली शंका रास्त आहे. पण काँदे यांनी ती भेट लपवलेली नाही. शिवाय हेस्टरचा काळ आणि टिट्यूबाचा खटला यांत सुमारे पन्नास वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे जाणता वाचक तेथे थबकतोच. मला वाटते, तेथे थबकावे अशीच लेखिकेची इच्छा असावी. न्यायालयाने टिट्यूबाचे जे शब्द नोंदवले, तेही मालकाच्या धाकाखाली बोललेले होते. मग कागदावर आहे ते सारे खरे आणि कल्पिलेले ते सारे खोटे, अशी रेघ तिच्या बाबतीत ओढता येत नाही. तरीही आपला आग्रह मला पटतो, की खरे काय आणि रचलेले काय हे लेखकाने पुस्तकाच्या शेवटी सांगावे. ब्रुक्स यांनी तसे टिपण दिले आहे. आपल्याकडच्या कादंबऱ्यांतही ही प्रथा सर्वत्र रुळली, तर उत्तरपत्रिकांवरचे वाद नक्कीच कमी होतील.

ओघात आणखी एक नाव. फ्रान्सिस स्पफर्ड यांची 'गोल्डन हिल' (२०१६) ही १७४६ मधील न्यू यॉर्कची कथा आहे. तेव्हा ते काही हजार वस्तीचे लहानसे बंदर होते. लंडनहून एक अनोळखी तरुण हजार पौंडांची हुंडी घेऊन उतरतो, आणि ती खरी की खोटी, हा माणूस कोण, या चिंतेने सारे गाव ढवळून निघते. पेशवाईतील सावकारी आणि हुंडीचे व्यवहार ज्यांनी वाचले आहेत, त्यांना यातील पैशाचे राजकारण चटकन कळेल. त्या पैशाचे प्रयोजन शेवटी उघड होते तेव्हा वाचक स्तब्ध होतो. भाषा मात्र मुद्दाम अठराव्या शतकाच्या वळणाची आहे, म्हणून गटासाठी नंतर केव्हातरी.

शनिवारची वाचक (पुणे)

भारताशी थेट नाते असलेले पुस्तक अजून कोणी सांगितले नाही, म्हणून पुन्हा लिहिते. भारती मुखर्जी यांची 'द होल्डर ऑफ द वर्ल्ड' (१९९३). मॅसॅच्युसेट्समध्ये १६७० मध्ये जन्मलेली हॅना ईस्टन ही मुलगी सेलममध्ये वाढते, लग्नानंतर कोरोमंडल किनाऱ्यावर येते, आणि एका हिंदू राजावरील प्रेमामुळे तिची गाठ थेट औरंगजेबाशी पडते. बॉस्टन आणि दख्खन एकाच जहाजमार्गावर होते, ही जाणीव या पुस्तकाने मला पहिल्यांदा करून दिली. सेलमच्या बाकांसमोर आपल्या मनात आलेला तो विचार या लेखिकेच्याही मनात आला असावा. कल्पनेचे स्वातंत्र्य मात्र तिने भरपूर घेतले आहे, आणि 'द स्कार्लेट लेटर' आधी वाचल्याशिवाय यातील अर्धी मौज हाती लागत नाही.

दवाखान्यानंतर (पेनसिल्व्हेनिया)

उशिरा लिहीत आहे, पण क्रांतीच्या काळाविषयी फारसे आले नाही म्हणून दोन पुस्तके सुचवतो. दोन्ही लॉरी हॅल्स अँडरसन यांची आणि किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली, त्यामुळे भाषेची अडचण येणार नाही.

'चेन्स' (२००८) मध्ये इझाबेल ही तेरा वर्षांची गुलाम मुलगी १७७६ च्या न्यू यॉर्कमध्ये इंग्लंडच्या राजाशी निष्ठा राखणाऱ्या मालकाच्या घरी आहे. सगळीकडे स्वातंत्र्याचा घोष चालू असताना तिच्या स्वातंत्र्याविषयी दोन्ही पक्षांपैकी कोणालाच आस्था नाही. एस्थर फोर्ब्स यांची 'जॉनी ट्रिमेन' (१९४३) ही बॉस्टनमधील चांदीकाम शिकणाऱ्या मुलाची सुंदर कादंबरी येथे अनेक मुलांनी शाळेत वाचलेली असते. माझ्या मुलीनेही वाचली. त्यानंतर मी तिच्या हाती 'चेन्स' दिले, आणि आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

'फीव्हर १७९३' हे माझ्या व्यवसायाच्या जवळचे. त्या वर्षी देशाची राजधानी असलेल्या फिलाडेल्फियात पीतज्वराने सुमारे पाच हजार माणसे मेली. तेव्हाच्या शहराची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती. हा रोग डासांमुळे पसरतो हे कळायला आणखी शंभर वर्षे जायची होती. बेंजामिन रश यांच्यासारखे नामांकित डॉक्टर रुग्णांचे रक्त काढत होते. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही अशा चुकीच्या समजुतीवर विसंबून त्यांना शुश्रूषेसाठी बोलावण्यात आले, रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांच्या पुढाकाराने ते आले, आणि त्यांच्यातलेही शेकडो मेले. पुण्यातील १८९७ च्या प्लेगच्या आठवणी माझी आजी तिच्या आईकडून ऐकून सांगत असे. ओस पडलेले वाडे, गावाबाहेरच्या झोपड्या. मॅटी ही कादंबरीची नायिका रिकाम्या रस्त्यांवरून घरी परतते, ते प्रकरण वाचताना आजीचाच आवाज कानात होता.

कृष्णाकाठ (सातारा)

डॉक्टर, आपला प्रतिसाद मी काल गटात वाचून दाखवला. एक दासी, एक शिकाऊ कारागीर, कर्जापोटी दिलेली मुलगी, परक्या विद्येसाठी आपला देव गमावणारा तरुण: मध्यभागी कोण बसते, याचे उत्तर मला मिळाले.

'केलेब्ज क्रॉसिंग' आम्ही पहिले घेत आहोत, आणि नागपूरकरांचा आक्षेप चर्चेसाठी मी वेगळा लिहून ठेवला आहे. त्यानंतर 'अ मर्सी'. त्यातील फ्लोरेन्सची प्रकरणे प्रत्येकी एकाने आधी वाचून यायची आणि अडलेली वाक्ये इतरांना समजावून सांगायची, असे ठरले. शेवटची पाने मोठ्याने वाचण्याचे काम आमच्यातील सर्वांत थोरल्या, एक्याऐंशी वर्षांच्या सभासद बाईंनी स्वतःहून मागून घेतले आहे.